आमच्या सात गावांना पाळक हवाय

इंग्लंडमधल्या हेरफर्डशरला राहायला आल्यापासून सफरचंदाच्या बागा, मेंढ्या, वाय नदी, पाऊस हे सगळं इथे लिहून झालंय, पण सध्या आमच्या गावात दुकानात, पबमध्ये, बसथांब्यावर ज्या एका विषयावर बोलणं चालू असतं तो राहिलाय. आमच्याकडे व्हिकार, म्हणजे गावच्या चर्चचा पाळक, नाहीये. आजूबाजूच्या सात गावांच्या सात चर्चना मिळून एक व्हिकार होत्या, त्या गेल्या वर्षी रिटायर झाल्या आणि तेव्हापासून जागा रिकामी आहे. हो, बाई होत्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे इथल्या अधिकृत अँग्लिकन चर्चमध्ये, पहिल्या ३२ स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये, आणि आता तर खेडोपाडी बाई व्हिकार असणं इतकं नेहमीचं झालंय की त्यावर कुणी बोलतही नाही.

मी ख्रिश्चन नाही, रविवारी उपासनेला नियमित जात नाही, तरी या जागेची काळजी मलाही लागून राहिलीये. त्याचं कारण असं की इथल्या कायद्याप्रमाणे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या नेमून दिलेल्या भागाच्या, हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस त्या पॅरिशचा असतो, धर्म कुठलाही असो. आणखी सांगू का, चर्चवॉर्डन म्हणजे चर्चचा कारभार बघणारे जे गावातले लोक असतात, ते दरवर्षी एका सभेत निवडले जातात आणि त्या सभेत गावच्या साध्या मतदारयादीत नाव असलेला कुणीही मत देऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपलं नाव इथल्या मतदारयादीत असतं. म्हणजे नगरहून आलेली मी इथल्या चर्चवॉर्डनसाठी हात वर करू शकते, आणि करतेही.

आता सात चर्चना एकच माणूस का, हा प्रश्न घरून फोनवर पहिला येतो. हेरफर्डच्या डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या हद्दीत, हेरफर्डशर आणि दक्षिण श्रॉपशर येतं, लोकवस्ती फार विरळ आणि चर्च मात्र चारशेच्या वर. बरीचशी नॉर्मन काळातली. किलपेकचं चर्च बघायला या कधी, बाराव्या शतकातलं कोरीवकाम अजून इतकं स्वच्छ दिसतं की विश्वास बसत नाही. एकेकाळी जवळजवळ प्रत्येक गावाचा स्वतःचा पाळक असायचा, त्याचं मोठं घर असायचं, जमिनीचं उत्पन्न असायचं. मग शेतीवरची माणसं कमी झाली, उपासनेला येणारे कमी झाले, पाळक कमी झाले आणि गावं एकत्र बांधली गेली. आपल्याकडे एका तलाठ्याकडे चार-पाच गावांचा सजा असतो तसंच हे, फक्त इथे प्रत्येक गावाला वाटतं की पाळक मुख्यतः आपला आहे. आणि सरकार पगार देत असेल असं तिकडे सगळ्यांना वाटतं, तर नाही. चर्च जुन्या ठेवींच्या उत्पन्नावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालतं, प्रत्येक पॅरिश दरवर्षी डायोसिसला आपला वाटा देते, त्यातूनच पाळकांचं मानधन निघतं.

जागा रिकामी असतानाच्या काळाला इथे सगळे इंटररेग्नम म्हणतात, आणि या काळात चर्च कोण चालवतं ते मी अगदी जवळून बघितलंय. चर्चवॉर्डन. आमच्या एक चर्चवॉर्डन बाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत, मेंढ्या पाळतात, एप्रिलमध्ये रात्र रात्र कोकरांच्या जन्माला उभ्या असतात आणि सकाळी चर्चचं कुलूप उघडायला हजर. पुढच्या रविवारी कोण येणार याची जुळवाजुळव त्याच करतात. ज्यांना बिशपची परवानगी आहे असे रिटायर झालेले पाळक आसपास राहतात, त्यांना फोन लावायचे. त्यातल्या एकांना रात्री गाडी चालवता येत नाही, एकांची बायको आजारी असते, मग गावातलेच कुणीतरी प्रार्थना घेतात, पण प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत ब्रेड आणि वाइन घ्यायचा, विधी दीक्षा घेतलेल्या पाळकाशिवाय होत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर दर आठवड्याला प्रभुभोजन घेतलंय त्यांना महिना महिना ते मिळत नाही तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे समजायला ख्रिश्चन असायची गरज नाही.

शिवाय इमारत. इंग्लंडमधल्या सर्वात वरच्या दर्जाच्या वारसा इमारतींपैकी जवळपास निम्म्या चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत, आणि त्यांची देखभाल गावातल्या मूठभर माणसांच्या खांद्यावर. दर पाच वर्षांनी आर्किटेक्ट येऊन तपासणी करतो आणि दुरुस्त्यांची यादी हातात देतो. साधं बाकडं हलवायचं तरी डायोसिसची रीतसर परवानगी लागते. छपरावरचं शिसं चोरीला जातं. आमच्या एका चर्चमध्ये वटवाघळं आहेत, त्यांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे हुसकवता येत नाही, मग शनिवारी दोघंतिघं जाऊन बाकांवर आणि वेदीवर अंथरलेलं प्लॅस्टिक काढतात, फरशी पुसतात, रविवारी उपासना झाली की परत सगळं झाकून ठेवतात. हे सगळं पाळक असतानाही हेच लोक करत होते, पण पाळक असला की त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभं असतं, आणि ते सध्या नाहीये.

आणि मयत. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. आमच्या गल्लीतले एक शेतकरी आजोबा हिवाळ्यात गेले, त्यांना ओळखणाऱ्या व्हिकार गेलेल्या, आणि अंत्यविधीला जे पाळक आले ते चांगलेच होते, मन लावून बोलले, पण त्यांना आजोबांबद्दल जे माहीत होतं ते आदल्या दिवशी मुलीने फोनवर सांगितलेलं. जुन्या व्हिकार असत्या तर त्यांनी आजोबांच्या कुत्र्याचं नाव घेतलं असतं.

आता नवीन माणूस कसा शोधतात ते सांगते, कारण यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं आणि फार रस वाटला. प्रत्येक पॅरिशला पेट्रन असतो, म्हणजे पाळकाचं नाव सुचवण्याचा हक्क असलेला. कुठे तो बिशप असतो, कुठे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचं कॉलेज, कुठे शेकडो वर्षांपासूनचं जमीनदार घराणं, कुठे खुद्द राजा. आमची गावं एकत्र आली तेव्हा त्यांचे पेट्रनही एकत्र आले, त्यामुळे आमच्याकडे एक कॉलेज, एक घराणं आणि बिशप असे तिघं आहेत. राजाच्या हक्कातल्या जागांचं काम पंतप्रधानांच्या कचेरीतून चालतं, आणि गंमत बघा, जुन्या कायद्यांमुळे कॅथलिक किंवा ज्यू पंतप्रधानाला चर्चच्या नेमणुकांबद्दल राजाला सल्ला देता येत नाही पण हिंदू पंतप्रधानाबद्दल कायद्यात काहीच नाही, त्यामुळे ऋषी सुनक असताना ते काम त्यांच्याच कचेरीतून झालं.

पण पेट्रनने नाव दिलं म्हणजे झालं असं अजिबात नाही. १९८६ च्या कायद्याने गावाच्या हातात खरी ताकद दिलीये. प्रत्येक पॅरिशची एक निवडून आलेली समिती असते, पीसीसी म्हणतात तिला, ती आपले प्रतिनिधी निवडते, आमच्याकडे प्रत्येक गावाचा एक. त्यांनी नकार दिला तर नेमणूक पुढे सरकत नाही. कारण लेखी द्यावं लागतं, पेट्रन आर्चबिशपकडे, म्हणजे बिशपांच्याही वरच्या धर्मगुरूंकडे, दाद मागू शकतो, तरी गावातल्या एका रिटायर्ड शाळामास्तराच्या मताला केंब्रिजच्या कॉलेजाने मान द्यायचा ही गोष्ट मला मनापासून आवडली. बिशप पेट्रनचा हक्क तात्पुरता थांबवूनही ठेवू शकतात, गावांची पुन्हा जुळणी करायची असेल तर तसं करतात, आणि आमच्याकडे लोकांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती, म्हणजे उद्या सातची अकरा चर्च होतील याची. तसं झालं नाही.

त्याच कायद्याप्रमाणे गावांनी आपली परिस्थिती, गरजा आणि परंपरा लिहून द्यायच्या असतात, त्याला पॅरिश प्रोफाइल म्हणतात. मी यात आले ती फोटो काढायला आणि घरोघरी प्रश्नावली वाटायला, मग मजकूर टाइप करायला बसले आणि त्यामुळे सगळा वाद ऐकायला मिळाला. पहिल्या मसुद्यात काय हवं होतं? मुलांमध्ये रमणारा, म्हाताऱ्यांना भेटणारा, शेती समजणारा, उत्तम प्रवचन देणारा, हिशोबात पक्का, छपरासाठी पैसे उभे करणारा, जुनी प्रार्थनेची भाषा जपणारा आणि नवीन गाणीही आणणारा, शक्यतो पन्नाशीच्या आतला माणूस. साधारण तीस हजार पौंडांच्या आसपास मानधन आणि राहायला घर, एवढ्यावर. ते वाचून मेंढ्यांवाल्या बाईच म्हणाल्या की असा माणूस असेल तर तो इथे कशाला येईल. कुणी हसलं नाही, सगळे बराच वेळ गप्प होते.

माझं स्पष्ट मत आहे, आणि विचारलं तेव्हा मी तिथेही सांगितलं, की पाळकाकडून काय हवं याच्याआधी आपण स्वतः काय करणार ते लिहा. आणि दुसरं, सातही ठिकाणी सारखीच उपासना व्हायला हवी हा हट्ट सोडा. दर रविवारी प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये उपासना झालीच पाहिजे हा नियम १६०३ पासूनचा होता, तो २०१९ मध्ये चर्चच्या जनरल सिनडने, म्हणजे चर्चचे नियम ठरवणाऱ्या सभेने, बदलला. त्यामुळे आता काही चर्च फेस्टिव्हल चर्च म्हणून ठेवता येतात, म्हणजे नाताळ, ईस्टर, पीक हाती आल्यावरचा हंगामाचा सण आणि लग्नं, मयती एवढ्यासाठी उघडायची, बाकी रविवारी शेजारच्या गावात जायचं. आमच्यात दोन चर्च अशी आहेत की जिथे रविवारी पाच-सहा डोकी असतात आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. पण हे कागदावर लिहायला त्या दोन गावांना किती जड गेलं ते मी बघितलंय. एका आजींचं लग्न तिथलं, मुलांचे बाप्तिस्मे तिथले, नवरा तिथल्याच अंगणात पुरलेला. त्यांना कुणी आकडे दाखवून काय समजावणार. शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, बंद होण्यापेक्षा हे बरं, आणि मसुद्यात ते वाक्य आलं.

आमच्याच काउंटीत यारपोल नावाचं गाव आहे, तिथे चर्चच्या आतच गावचं दुकान आणि पोस्ट थाटलंय. लोक दूध, ब्रेड घ्यायला येतात, बोलत बसतात, चर्च आठवडाभर उघडं राहतं. आमच्याकडेही तसं काही करता येईल का यावर एक परिच्छेद टाकलाय, आणि नवीन माणसाला त्यात गोडी वाटावी अशी माझी फार इच्छा आहे.

चर्चच्या साप्ताहिकात, ऑनलाइन, सगळीकडे जाहिरात गेली. पहिल्या खेपेला एकही अर्ज आला नाही. आमच्यासारख्या खेड्यांमध्ये हे वारंवार होतं. येणाऱ्याच्या जोडीदाराला नोकरी कुठे, शाळा किती लांब, घर मोठं पण थंडगार, आणि रविवारी सकाळी दोन-तीन चर्च गाठायची ती अशा रस्त्यांवरून की समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यावं लागतं. बरं, मोठ्या खुर्च्यांचंही काही वेगळं नाही, जस्टिन वेल्बी जानेवारी २०२५ ला पायउतार झाल्यावर कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या जागेसाठी, सारा मलाली यांचं नाव जाहीर व्हायला ऑक्टोबर उजाडला. आमचे लोक तेव्हा एकमेकांना धीर देताना हेच सांगायचे.

दुसऱ्या जाहिरातीत आम्ही ते खरं खरं लिहिलेलं सगळं वर आणलं, थंड घरासकट, वटवाघळांसकट, आणि कुठली कामं गावकरी स्वतः करतात त्याची यादी दिली. यावेळी अर्ज आलेत. मुलाखती हंगामाच्या सणानंतर आहेत. उमेदवारांना गाडीतून सातही चर्च दाखवायची, दुपारी गावकऱ्यांबरोबर जेवण, दुसऱ्या दिवशी मुलाखत. निवड झाली की बिशप येतील, आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ पाळक, नव्या पाळकाचा हात चर्चच्या दारावर ठेवतील आणि मग पाळकाने घंटा वाजवायची. जितके टोल तितकी वर्षं राहणार असं लोक मानतात, त्यामुळे सगळे मोजत बसतात म्हणे.

मागे या विषयावर घरी बोलले होते तर नगरच्या ओळखीच्या एका पाळकसाहेबांनी विचारलं, "ताई, आमच्यासारख्याला तिकडे घेतील का हो?" मी इथे चौकशी केली. घेऊ शकतात. १९७० मध्ये नागपूरला जी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तिच्यात अँग्लिकन मंडळी सामील झाली होती आणि ती अँग्लिकन परिवारातच धरली जाते, त्यामुळे तिथे दीक्षा झालेल्या पाळकाला आर्चबिशपची परवानगी घेऊन इथे काम करता येतं. लॉफबराचे बिशप साजू मुथलाली मूळचे केरळचेच आहेत. आणि आपला या चर्चशी संबंध जुना, पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इथे वाँटेजला झाला तो चर्च ऑफ इंग्लंडमध्येच, पुण्याचं पंचहौद मिशनही अँग्लिकनांचंच.

तर पाळकसाहेब, आणि त्यांच्यासारखं कुणी वाचत असेल तर, अर्ज करण्याआधी पॅरिश प्रोफाइल नीट वाचा आणि चर्चवॉर्डनना फोन करा, त्या मोकळेपणी बोलतात. व्हिसाचं आधी डायोसिसच्या ऑफिसला विचारा. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढावं लागेल, गाडीशिवाय या गावांमध्ये काहीच होत नाही. आणि यायचं असेल तर एकदा फेब्रुवारीत येऊन बघा, मे महिन्यात नको, मे महिन्यात हे गाव सगळ्यांनाच आवडतं.