छप्पन्न मिनिटांचा वेस्टर्न

शनिवार, रात्र

विसरलेल्या जुन्या वेस्टर्नकडून, म्हणजे काउबॉयपटाकडून, किती आशा ठेवायची, ते त्याला थिएटरकडून मिळणाऱ्या भाड्यावरून ठरवावं. 1930च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मोठ्या चित्रपटाला गल्ल्यातला टक्का मिळे, जोडीच्या स्वस्त चित्रपटाला ठरलेली रक्कम. खेळ हाउसफुल गेला काय नि रिकामा गेला काय, मोनोग्राम किंवा पुढे पीआरसीसारख्या कंपनीच्या हाती पडायचे ते तेवढेच. मग आठवड्याभराचं शूटिंग दोन दिवस वाढवून सुधारणार कोण?

35 मिमीचं हजार फुटांचं रीळ मिनिटाला 90 फूट सरकतं, म्हणजे अकरा मिनिटांचं. अशी पाच-सहा रिळं द्यायची. कथा चौथ्यात संपली की उरलेली जागा घोडदौडीला. आधी गुंड जातात, त्याच वाटेनं नायक, मग पुन्हा गुंड. खडकही तेच, कारण लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थचं आयव्हरसन रँच गाठून युनिट संध्याकाळी घरी परतू शके. टेक्सास तिथलंच, अ‍ॅरिझोनाही तिथलंच.

दौड फार चपळ वाटली तर घोड्याला श्रेय देऊ नये. कॅमेरा सेकंदाला 20 फ्रेमनं चालवला आणि पडद्यावर 24नं दाखवलं की वेग एक पंचमांशानं वाढतो. धुरळा उडतो तोही घाईघाईनं, आणि तिथंच बिंग फुटतं. रात्रीच्या प्रसंगात जमिनीकडे बघावं: उन्हातच फिल्टर लावून काढलेलं असतं, त्यामुळे चांदण्यात टोप्यांच्या कडक सावल्या पडतात.

गुरांचा कळप अचानक उधळला तर तो बहुधा मूकपटातून उचललेला. वॉर्नर ब्रदर्सनं 1932-33मध्ये जॉन वेनचे सहा वेस्टर्न काढले, त्यांत आधीचा काउबॉय-नायक केन मेनार्ड याच्या मूकपटांतली दृश्यं घातली. तुकडे जुळावेत म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे आणि तसाच पांढरा घोडा. काटकसर म्हणून हे हुशारीचं. पण दूरच्या दृश्यातला स्वार भलताच, हे एकदा कळलं की मन उडतं.

घोडा कोलांटी खातो ते मात्र बघवत नाही. पुढच्या पायांच्या पट्ट्यांना बांधलेली तार तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) कडीतून मागं, पुरलेल्या खुंटाला. तार संपली की भरधाव घोड्याचे पाय खालून ओढले जात. 1939च्या एका मोठ्या चित्रपटात घोडा मेला, ओरड झाली, आणि 1940पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिरक्षक संस्थेची देखरेख आली. त्याआधीच्या चित्रपटात पडलेला घोडा पुन्हा उठताना दिसतो का, हे मी शोधत बसतो.

रविवार

निम्मी निराशा चित्रपटाची नव्हेच, प्रतीची. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानं हक्क 28 वर्षांचे. नूतनीकरण केलं नाही की चित्रपट सर्वांना मोकळा. मोनोग्रामनं 1933 ते 35मध्ये वितरित केलेल्या लोन स्टार कंपनीच्या, वेनच्या सोळा चित्रपटांतल्या बहुतेकांचं असंच झालं. ज्याच्या हाती 16 मिमीची टीव्हीसाठीची झिजकी प्रिंट, त्यानं ती विकली. पहिल्याच दौडीत पांढऱ्या टोपीची कड आकाशात विरघळलेली दिसली, तर ती प्रत तिथंच बंद करावी.

लांबीही तपासावी. 56 मिनिटांचा चित्रपट 54च्या आत संपला तर लगेच कापाकापीचा संशय नको. सेकंदाला 25 फ्रेमच्या पाल या टीव्ही-पद्धतीत तो आपोआप आखडतो आणि आवाज किंचित चढतात. रिपब्लिक कंपनीचे, गाणारा काउबॉय जीन ऑट्रीचे चित्रपट मात्र टीव्हीच्या तासात बसवायला खरोखर 54च्या आसपास कापले होते. खलनायक अकारण चिडलेला वाटला, तर कारण त्या कात्रीत गेलेलं असू शकतं.

आणि ते सिंथेसायझर! मूळ लोन स्टारपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. टापा, खोगिराची करकर, बाकी शांतता. 1980च्या दशकात काही प्रतींवर नवं संगीत चढवलं गेलं आणि शिव्या मात्र मूळ दिग्दर्शकाला.

स्वच्छ प्रिंट मिळाली की उलटीच पंचाईत. स्टंटमन यकिमा कानूट कधी गुंडांच्या टोळीत, कधी नायकाचा डुप्लिकेट, कधी एकाच चित्रपटात दोन्ही. धुरकट प्रतीत ते खपून जातं. स्वच्छ प्रतीत कानूट स्वतःचाच पाठलाग करताना दिसतो, आणि स्वतःला गाठतोही.