ज्वारी परवडते का? आधी पेंड्या मोजा

सोलापूरकडच्या शेतकऱ्यांकडून दोन प्रश्न हमखास येतात. ज्वारी परवडत नाही, मग पेरायची कशाला? आणि पाच एकर कोरडवाहूवर जनावरं किती सांभाळायची? दोन्हींचं उत्तर कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या, गंजीत आहे.

ज्वारीचा हिशेब मांडताना बहुतेक जण पोती मोजून थांबतात. मालदांडी ही रब्बी ज्वारीची जात नुसत्या दाण्यासाठी आपल्याकडे कधीच नव्हती. उंच ताट, गोडसर कडबा आणि पांढरा टपोरा दाणा, तिन्ही एकाच पिकात मिळतात म्हणून ती टिकली. दुष्काळी साली कडब्याचे पैसे दाण्याच्या बरोबरीनं येतात, आणि कडबा घरच्याच गोठ्यात गेला तर दूध, शेणखत आणि बैलाचं काम वेगळंच. दावणीची जनावरं विकून टाकलेल्या घराला ज्वारी परवडत नाही, यात नवल नाही.

आता जनावरांचा आकडा. साडेतीनशे किलोच्या खिलार गाईला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे नऊ किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. थोडं हिरवं आणि पेंड-भुसा असेल तर त्यातला सहा किलो कडबा धरा. मार्च ते जुलै हे दीडशे दिवस खरे ओढीचे. त्याला नऊ क्विंटल लागतो. उंदीर, वाळवी आणि अवकाळीत भिजण्यापायी दीड क्विंटल वर ठेवा. पेंडीचं, म्हणजे कडब्याच्या जुडीचं, वजन गावागावात वेगळं असतं, म्हणून दहा पेंड्या काट्यावर टाकून सरासरी काढा आणि मग गंजी मोजा. चांगल्या साली एकरी पंधरा-वीस क्विंटल कडबा निघतो, वाईट साली त्याच्या निम्मा. हिशेब वाईट सालावरच बांधायचा. म्हणजे मोठ्या जनावरामागे साधारण सव्वा एकर ज्वारी. पाच एकरांत तीन एकर ज्वारी असेल तर दोन मोठी जनावरं आणि बांधावर शेवरी-सुबाभूळ असेल तर सात-आठ उस्मानाबादी शेळ्या. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, जनावरांचे केस गळायला लागतात. संकरित गाई उसाच्या पट्ट्यात ठीक. कोरडवाहूत त्यांचं हिरवं आणि पाणी विकत आणता आणता दुधाचे पैसे संपतात.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी घाई केली तर खोडमाशी पोंगे मारते, उशीर केला तर दाणा भरताना जमिनीत ओल उरत नाही. एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन ताटांत १५. दाट पेरलं की ताटं बारीक राहतात आणि कणसंही भरत नाहीत. मालदांडीला मध्यम ते भारी जमीन हवी. हलक्या रानात फुले अनुराधा ही जात बरी.

अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं ओढून खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी केली की ही नासाडी थांबते. कुट्टी निकस असेल तर युरियाची प्रक्रिया करा: शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडत, तुडवत जायचं आणि प्लास्टिकनं एकवीस दिवस हवाबंद ठेवायचं. हवा शिरली की बुरशी येते. खडा न विरघळता राहिला तर विषबाधा. उघडल्यावर वास उडू द्या, मग थोडं थोडं सुरू करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो किराळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होऊन. काढणीनंतर वळवाचा पाऊस पडला की ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे येतात, आणि "चरू दे जरा" म्हणून जनावरं सोडली जातात. त्या कोवळ्या पोंग्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होणारं द्रव्य असतं. पाण्याचा ताण बसलेल्या, गुडघ्याइतक्या पिकातही तेच. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, लडखडून पडतं. तासाभरात खेळ संपू शकतो. डॉक्टर लगेच पोचले तर सोडियम थायोसल्फेटची सुई वाचवते. फुलोऱ्यानंतरचं ताट आणि नीट वाळलेला कडबा यांना हा धोका जवळपास नाही, म्हणून हुरड्याची कणसं खुडल्यावर उरलेली हिरवी ताटं कुट्टी करून खुशाल घाला.

माळाचं दोन शब्दांत: कुसळी गवत फुलण्याआधी चारून घ्या. नंतर कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. पवन्या, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात कापा, बी पडेपर्यंत एक तुकडा राखून ठेवा. आणि उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं रानात बसवून घ्या. लेंडी-मूत जागेवर पडतं, वाहतूक शून्य.

राहिलं जेवणाचं ताट. शहरातले विचारतात, भाकरी तुटते का? पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. आठवड्याचंच दळा, आणि तरी तुटत असेल तर आधणाच्या पाण्यात मळा. कडक भाकरीला पीठ अधिक मळायचं, चिमूट मीठ, वरून तीळ, आणि पापडाइतकी पातळ थापायची. दोन्हीकडून भाजल्यावर मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातली सगळी ओल काढायची. मधोमध जरा जरी मऊ राहिली तर चार दिवसांत बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर वाफेनं सगळी चळत नरम पडते.