आधी सावली बघा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा कशावर लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. छायाचित्रणाचा नाद मला शाळेनेच लावला. छंदवर्गात विज्ञानाचे सर आम्हाला कृष्णधवल फोटो धुवायला आणि छापायला शिकवायचे. फिल्म धुवायच्या डबीत भरायची ती मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने. छापायचा कागद मात्र लाल दिव्यात हाताळता येई, कारण त्यावरच्या थराला लाल उजेड जाणवत नाही. उजेड लागलेल्या चांदीच्या क्षाराची डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, काळी चांदी होते आणि उरलेला क्षार हायपो नावाच्या द्रावणात विरघळून जातो, हे तिथे डोळ्यांनी पाहिल्यामुळे कधी पाठ करावं लागलं नाही. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ साली ओळखला, हेही सरांनीच सांगितलं.

सरांचा आग्रह एकच असे: शटर दाबण्याआधी सावली बघा. निगेटिव्हवर, म्हणजे फिल्मवरच्या उलट्या (उजळ ते काळं, काळं ते पारदर्शक) चित्रात, सावलीतलं काही उमटलंच नाही, तर छापताना ते आणणार कुठून? उजळ भाग जरा जास्त झाला तरी कागदावर तेवढ्या भागाला जादा उजेड देऊन त्यातला तपशील काढता येतो.

पुढे डिजिटल कॅमेरा हाती आला आणि हा नियम उलटा करावा लागला. सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चकतीचा, प्रत्येक बिंदू ठरावीक मर्यादेपर्यंतच प्रकाश साठवतो. तो भरला की पुढे नुसतं पांढरं, ढगांचा आकारही उरत नाही. रॉ फाइलमधली, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रातली, सावली मात्र नंतर बरीच उजळता येते. म्हणून आता माझी नजर हिस्टोग्रामच्या, म्हणजे फोटोतला काळोख ते उजेड डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखाच्या, उजव्या कडेवर असते. नियम फिरला, तरी सरांनी लावलेली सवय तीच राहिली: समोरच्या उजेडातलं काय गमवायचं नाही, हे आधी ठरवायचं.

फिल्म खरी की डिजिटल, या वादात मला रस नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीतच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. अंधुक रंगमंचावरचं नाटक टिपायचं तर मी बेधडक डिजिटल उचलते. प्रत्येक फोटोला आयएसओ, म्हणजे उजेडाला किती संवेदनशील राहायचं तो आकडा, बदलता येतो, रोल संपेपर्यंत एकाच आकड्याला बांधून राहावं लागत नाही. पण कडक उन्हातला चेहरा असेल तर मला अजून कृष्णधवल फिल्मच हवी. गालावरची चमक त्यावर ज्या हळुवारपणे पांढऱ्यात मिसळते, त्याला माझ्या मते तोड नाही.

आज शाळेत शिकणाऱ्यांपैकी कुणाला घरात जुना, चालू फिल्म कॅमेरा सापडला, तर त्यात निगेटिव्ह फिल्मचा रोल जरूर भरा. खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढा, फिल्मवर सावलीतला उजेड मोजून आणि डिजिटलवर खिडकीचा उजेड मोजून. प्रिंट शेजारी ठेवल्यावर सगळ्यात आधी खिडकीची चौकट बघा.