खांद्याच्या उंचीची दोरी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि माझ्यासमोर उभे राहिले ते फक्त पी.टी.चे सर. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. गणितात मी काठावर पास व्हायचो, हे त्यांनाही आठवत असेल.

सरांना सगळे 'सुभेदार' म्हणत. खरं तर ते बेळगावच्या मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, वरची बढती पोरांनी दिलेली. आपला भाग तालमीचा, पोरं लाल मातीत घुमणारी. बॉक्सिंग म्हणजे सिनेमातली मारामारी, एवढीच आमची समजूत. सरांकडे मात्र लोखंडी ट्रंकेत ग्लोव्हजच्या दोन जोड्या होत्या, खोबरेल लावून जपलेल्या.

1988 साली मी नववीत होतो. वर्गात सगळ्यात बुटका, पण अंगानं आडवा. माझ्या वजनाची पोरं वीतभर उंच असायची आणि माझा ठोसा पोचायच्या आधी त्यांचा माझ्या नाकावर. मी ग्लोव्हज काढून ठेवले, तेव्हा सरांनी पारावर बसवून डेम्प्सीची गोष्ट सांगितली.

4 जुलै 1919, अमेरिकेतलं टोलेडो शहर. विजेता जेस विलर्ड साडेसहा फुटांचा, वजन 245 पौंड. समोर जॅक डेम्प्सी 187 पौंडांचा. म्हणजे जवळजवळ सव्वीस किलोंचा फरक. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला आणि तिसऱ्या फेरीनंतर खुर्चीतून उठलाच नाही. "हेवीवेट म्हणजे सगळ्यात वरचा वजनगट, त्याला वरची हद्दच नसते बारक्या," सर म्हणाले, "खालच्या गटात वजन जुळवून मिळतं. इथं समोर हत्ती आला तरी तक्रार चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झेंड्याच्या खांबापासून लिंबापर्यंत दोरी बांधली, बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर. तिच्याखालून डावीकडे, उजवीकडे, पुढं सरकत जायचं. वाकायचं गुडघ्यातून, कमरेतून नाही, आणि नजर जमिनीकडे गेली की पाठीत शिट्टीच्या दोरीचा फटका. दोन महिने हेच. मुली हसायच्या.

"लांब हाताला जोर यायला पुढं जागा लागते. जागाच दिली नाहीस तर तो हात तुझ्या मानेमागून नुसता काठीसारखा जाईल. पण आत गेलास म्हणून तिथं बसून राहू नको. उंच माणूस वरून रेलतो, आपलं सगळं ओझं तुझ्या मानेवर टाकतो आणि तुझेच पाय संपवतो. दोन बरगडीत, एक हनुवटीखाली, की बाजूला सटक. सरळ मागं आलास तर पुन्हा त्याच्याच टप्प्यात." हे मला आजही तोंडपाठ आहे. पसायदानाची मात्र मधली ओवी अडते.

जो फ्रेझर त्यांचा लाडका. सहा फुटांना अर्धा इंच कमी, तरी 8 मार्च 1971 ला त्यानं सव्वासहा फुटी अलीला हरवलं, पंधराव्या फेरीत डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवलेल्या ठोशानं, खाली बसवून. आमच्या काळात टायसन गाजत होता, पाच फूट दहा इंचांचा, विसाव्या वर्षी जगज्जेता. त्याची पेपरातली कात्रणं सरांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर लढत ठेवली. प्रतिस्पर्धी दहावीतला. नाव लिहीत नाही, तो आज गावातला प्रतिष्ठित माणूस आहे आणि हे वाचणार आहे. दोन फेऱ्या मी नुसता मार खाल्ला. तिसरीत कसं कोण जाणे, गुडघे आपोआप वाकले, त्याचा हात माझ्या केसांवरून गेला आणि समोर फक्त त्याची बनियन दिसली. बरगडीत दोन दिले. त्याच्या तोंडून 'हुं' असा आवाज आला. आणखी एक द्यायला हात उचलला, तेवढ्यात शिपाईमामांनी घंटा बडवली.

मी गुणांवर हरलो. पंच सरच होते, त्यांनी एक गुणही उधार दिला नाही. मग स्टँडवरच्या रसवंतीत नेऊन दोन ग्लास उसाचा रस पाजला. "दोन फेऱ्या तू त्याच्या डोक्याकडं बघत होतास," एवढंच म्हणाले. "तिसरीत छातीकडं बघितलंस."

पुढं मी बॉक्सर वगैरे झालो नाही. सध्या पुण्यात एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे, मुलगी इंजिनिअर झाली. पण लढती बघायचं वेड राहिलं. 2009 साली डेव्हिड हे नावाच्या बॉक्सरनं सात फुटी, 316 पौंडांच्या वालुएवला हरवलं ते आत न शिरता, बाराही फेऱ्या भोवती फिरून, मारलं की पसार होऊन. निकाल बरोबर लागला, पण सरांना ते आवडलं नसतं. 'पळतोय काय' म्हणाले असते.

युक्रेनचा हेवीवेट युसिक त्यांना दाखवायला हवा होता. रियाधमधली 18 मे 2024 ची ब्रिटनच्या टायसन फ्युरीशी लढत, आपल्याकडे पहाट. मी आवाज बंद करून बघत होतो. युसिक सव्वासहा फुटांचा, फ्युरी पावणेसात फुटांचा आणि जवळजवळ चाळीस पौंडांनी जड. युसिक डावखुरा. पोटात मारून मारून त्यानं फ्युरीचे हात खाली आणले, पुढचा पाय सतत त्याच्या पायाच्या बाहेर ठेवला, आणि नवव्या फेरीत डाव्या हातानं असा ठोसा दिला की फ्युरी दोरांवर झोकांड्या खात गेला आणि पंचांना आकडे मोजावे लागले. डिसेंबरात पुन्हा भेटले तेव्हा काट्यावर 55 पौंडांचा फरक होता, तरी तिन्ही पंचांनी 116-112 असे युसिकच्याच बाजूनं गुण दिले. त्या मे महिन्यातल्या पहाटे मी सरांचा नंबर काढला होता. सर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नंबर मी पुसलेला नाही.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. लिंब गेला, तिथं गाड्या लावतात. ट्रंकेचं कुणालाच काही माहीत नाही. संगणक कक्ष छान आहे, त्याबद्दल अभिनंदन.

या पत्रासोबत ग्लोव्हजच्या चार जोड्या पाठवत आहे. दोरीही घातली आहे, सुती, वीस फूट. खांब अजून आहे, दुसरं टोक व्हरांड्याच्या गजाला बांधता येईल. प्रत्येक मुलासाठी उंची वेगळी धरावी, त्याच्या खांद्याला लागेल इतकी.