उंबराखालची गाडी

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आसपास राहायचं म्हणजे पहाटे पाखरांच्या आवाजानं उठायचं आणि सात वाजता त्यांनीच करून ठेवलेलं काम उपसायचं. आमच्या घराला फाटक आहे, गॅरेज नाही. घर बांधलं आजोबांनी, आणि त्यांच्याकडे सायकल होती. त्यामुळे गाडी रस्त्यावर, फाटकाशेजारच्या उंबराखाली.

गाडी घेताना मामा म्हणाले होते, "पांढरी घे की. शीट पडली तरी कळत नाही बघ." मुलीनं गडद निळी पसंत केली. मामांचं गणित कॅम्पातल्या बगळ्यांवर बसवलेलं, ते आमच्याकडे चाललंही नसतं. उंबर पिकला की बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, तांबट अशी सगळी पंगत बसते आणि खाली उतरतं ते पांढऱ्यात कालवलेलं तपकिरी, आत मोहरीहून बारीक बिया.

पक्ष्याची सू वेगळी आणि शी वेगळी असं नसतंच. पाणी वाचवायचं म्हणून तो शरीरातला कचरा युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्यात बाहेर टाकतो, त्याच वाटेनं आणि त्याच वेळी. पांढरी ती सू, मधली गडद ती शी. हे वाचल्यापासून माझा राग कमी झाला नाही, नेमका झाला. युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून एखादी सर येऊन गेली की कडा धुतल्या जातात आणि मधला टिळा तसाच राहतो.

पहिल्या वर्षी मी तो टिळा कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचो. मग एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे पाहिलं तर जिथं जिथं पुसलं होतं तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. त्या बारीक बिया आणि वाळूचे कण मीच रंगावर घासले होते. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन. आपला केस बहुधा याहून जाड भरेल. हप्ते भरून घेतलेली सगळी झळाळी एवढ्यात बसलेली.

तरी ओरखडे समजले. न समजणारे होते ते गोल, मंद डाग. शीट नीट निघालेली, हाताला काही लागत नाही, पण तिथं चमक मेलेली. मला वाटायचं आम्लानं रंग खाल्ला. ते थोडंफार खातंही. पण मोठा हात उन्हाचा. दुपारी पत्रा तापला की वरचा थर मऊ पडून फुगतो, आणि त्याच्यावर शीट वाळून कडक झालेली असते. संध्याकाळी पत्रा निवला की थर आकसताना शिटेच्या खडबडीत बुडाचा ठसा घेऊन बसतो. ओल्या सारवणावर कोंबडीचा पाय उमटावा तसा. म्हणजे डाग दिसतो तो घाणीचा नाही, ठशाचा. गडद रंग जास्त तापतो, हे मामांनी सांगितलं नव्हतं. आणि आमचं बेळगाव सुमारे २,५०० फुटांवर. एप्रिलात दुपारी भाजतं, आणि वळीव येऊन गेला की संध्याकाळ गारेगार. पुण्याच्या पाहुण्यांपुढं ज्या हवेचं आम्ही कौतुक करतो, तीच हवा ठसे काढून देते.

म्हणजे पेच असा: उंबराखाली लावावी तर शीट, उंबर सोडावा तर ऊन. मी आठवडाभर तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला उघड्यावर लावून पाहिली. तिथं विजेच्या तारेवर कावळे. शीट पडलीच, वर सावलीही नाही.

कव्हर घेतलं. कव्हराखाली धूळ राहिली की वाऱ्यानं तेच पॉलिश पेपरचं काम करतं, आणि आषाढात ते ओलं कव्हर वाळत कुठं घालायचं यावरून घरात वेगळं प्रकरण झालं. गॅरेजवाल्यानं सिरॅमिक कोटिंग सुचवलं. आकडा ऐकून मी विचारलं, "मग पुसायला लागणार नाही ना?" तो म्हणाला, "पुसायला तर लागतंयच की, सर." शेवटी साधं वॅक्स आणलं. हे कार्नोबा वॅक्स म्हणे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. त्या झाडानं उन्हापासून वाचायला केलेली सोय मी दर दोन महिन्यांनी बेळगावच्या बॉनेटवर चोळतो.

दयाळाचं प्रकरण मात्र निराळं. तो उंबर खायला येत नाही, आरशात भांडायला येतो. आपलंच रूप म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा दयाळ, असं समजून चोच मारतो आणि मधल्या विश्रांतीत दारावर ओघळ सोडतो. (सीमाभागात राहून हद्दीवर दोन वाक्यं लिहायचा इथं मोह होतो. आवरतो.) उपाय आईनं काढला: दोन्ही आरशांना बाजाराच्या जुन्या कापडी पिशव्या. गाडी कान बांधलेल्या म्हातारीसारखी दिसते, पण दयाळ फिरकत नाही.

आता डिकीत पाण्याची बाटली आणि जुनं बनियन असतं. बनियन भिजवून डागावर पसरायचं, आतला चहा होईपर्यंत तसंच ठेवायचं आणि अलगद उचलायचं. घासायचं नाही, मग वर पाणी ओतायचं. उन्हाच्या आत हे उरकलं की ठसा उरत नाही. समोरच्या अक्का रोज रांगोळी घालताना हे बघतात. "हिक्के?" एवढंच कानडीत विचारतात, म्हणजे शीट का. मी मान हलवतो. "एन माडूदु," म्हणजे काय करायचं, असं म्हणत त्या ठिपके मोजायला लागतात.

फांदी छाटायचा विषय मी एकदाच काढला होता. औदुंबराला कोयता लावायचा म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलं होतं, तेही तिनं रद्द करायला काढलं.

परवा, श्रावणात, काचेच्या बुडाशी वायपरखालच्या पन्हळीत कुजलेली पानं काढायला बसलो. त्या काळ्या मातकट चिखलात दोन बोटांएवढं रोप उभं. चार हिरवीगार पानं. वरून पडलेल्या कुठल्यातरी शिटेतलं बी, पावसानं रुजवलेलं. मी आईला हाक मारली. तिनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि मी हात पुढं करताच माझं मनगट धरलं.

"आज नको उपटूस. गुरुवार हाय."