रवांडाला मदत घेऊन जाताय? आधी पावतीचं विचारा

परवा पहाटे मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलो. अंग अजून ठणकतंय, झोपेचा पत्ता नाही. तरी आत्ताच लिहून काढतेय, कारण आठ दिवसांनी राग निवळेल आणि मग मी सगळं गोड करून सांगेन. मुंबईतून वर्गणी काढून परदेशात मदत न्यायचा विचार असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी पैशांचं बघा. आमची चूक तिथेच झाली.

आम्ही सात जण होतो. परळच्या शिवणवर्गातल्या आम्ही चौघी, दोन निवृत्त परिचारिका आणि हिशेब सांभाळायला माझा भाचा. जायचं होतं न्यामाटाला, म्हणजे रवांडाची राजधानी किगाली, तिच्या दक्षिणेला, गाडीनं तासाभराच्या आत. तिथे विधवांची शिवणकामाची एक छोटी सहकारी संस्था आहे. १९९४ च्या एप्रिल ते जुलै, साधारण शंभर दिवसांत, रवांडात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. मारले गेले ते बहुतांश तुत्सी जमातीचे. त्यात नवरा, मुलं गेलेल्या बायका आता साठीच्या पुढे आहेत, आणि मशीनवर बसायला त्यांच्या भाच्या, नाती येतात. त्यांना बेतणं शिकवायचं आणि आठ मशीन घेऊन द्यायची, एवढंच आमचं काम.

ओळखीच्या एका ट्रस्टनं सांगितलं, "ताई, बिनधास्त वर्गणी काढा, आम्ही ८०-जीची पावती देऊ." म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते ती पावती. आम्ही विश्वास ठेवला. दिवाळीत दादरला फराळाचा स्टॉल लावला, नायगाव-परळच्या चाळी पालथ्या घातल्या, सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या विनवण्या केल्या. "अहो, पालघरला दुःख कमी आहे का, एवढ्या लांब कशाला जाता?" हे निदान पन्नास वेळा ऐकलं. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, काका, पालघरला आम्ही जातोच, तुम्हीही चला. सात आठवड्यांत ६,४०,००० रुपये जमले.

आणि मग ट्रस्टच्या ऑडिटरनं फोन केला. भारतातल्या धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीत बसत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. ती ट्रस्टकडे नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. म्हणजे लोकांच्या हातातल्या आमच्या पावत्या चुकीच्या कारणासाठी फाडलेल्या. भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्या खात्यात घेऊ आणि तू पाठव." तेही नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर आलेली रक्कम माझं उत्पन्न धरली जाते.

शेवटी पैसे परत. दोनशेच्या वर पावत्या, एकेका दारात जाऊन. नायगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांनी रुमालाच्या गाठीतून पाचशेची नोट सोडून दिली होती, चार घड्या घातलेली. मी पैसे परत पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. "माझे पैसे खोटे होते का गं?" एवढंच विचारलं. मी जिन्यात बसून रडले. त्या ट्रस्टवाल्यांना मी हे कधी माफ करणार नाही, आणि स्वतःलाही. सीएला एक फोन आधी केला असता तर हे टळलं असतं.

मग जे जमलं ते असं. ज्यांना खरंच रवांडालाच द्यायचं होतं त्यांनी स्वतःच्या खात्यातून थेट तिथल्या संस्थेच्या खात्यावर पाठवलं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, देणगीसाठीही. बँकेत ए-टू फॉर्म (बाहेर पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन द्यायचं, समोरच्या संस्थेची नोंदणीची कागदपत्रं आधीच मागवून ठेवायची. करात सवलत शून्य, हे देणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा. अकरा जणांनी मिळून ४,१०,००० पाठवले. बँका प्रत्येक व्यवहाराला शुल्क घेतात, मधली बँक वेगळं कापते, म्हणून पाचशे-हजारवाल्यांना या वाटेला लावूच नका. त्यांना आम्ही विचारलं, आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांचे पैसे ट्रस्टच्या परळच्याच शिवणवर्गाला वळवून नवीन पावत्या केल्या. आमचा प्रवास, राहणं, जेवण सगळं आमच्या खिशातून. वर्गणीतून तिकीट काढणाऱ्यांनी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुने कपडे घेऊ नका. साड्यांची, शर्टांची गाठोडी लोक दारात आणून ठेवत होते आणि नाही म्हटलं की रागावत होते. रवांडानं स्वतःचा कापडधंदा उभा राहावा म्हणून २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरचा आयातकर किलोला अडीच डॉलरवर नेला. त्यापायी २०१८ मध्ये अमेरिकेनं त्यांच्या तयार कपड्यांची सवलत काढून घेतली, तरी ते मागे हटले नाहीत. शिवण शिकणाऱ्या बायकांपुढे आपण जुन्या कपड्यांचं गाठोडं टाकायचं? औषधंही नकोत, त्यांना तिथल्या सरकारी औषध खात्याची आगाऊ परवानगी लागते. आम्ही भुलेश्वरहून सुया, बॉबिन, टेप नेले आणि कात्र्या चेक-इनच्या बॅगेत टाकल्या. मशीन किगालीतच घेतली. पायांवर चालणारी मशीन तिथे मिळतात आणि दुरुस्त करणाराही तिथलाच सापडतो.

आता एजंट. स्टेशनजवळच्या एकानं माणशी ६,५०० रुपये 'व्हिसा आणि प्रोसेसिंग' म्हणून घेतले. किगालीच्या खिडकीवर अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघितला, शिक्का मारला, एक पैसा मागितला नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, रवांडाही २००९ पासून आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तीस दिवसांच्या व्हिसाची फी माफ आहे. सात जणांचे ४५,५०० रुपये कशाचे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जास्त दिवस राहून काम करायचं असेल तर यजमान संस्थेकडून कुठला परवाना लागतो ते लेखी विचारून घ्या. एजंटला विचारू नका.

त्याच माणसानं सांगितलं होतं की पिवळ्या तापाची लस लागत नाही, "रवांडावाले विचारत नाहीत." ते विचारोत न विचारोत, विचारतं आपलं सहार. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि आम्ही तर जाता-येता इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे होतो. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. एक कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच देतात. महिनाभर आधी नंबर लावा. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर रवांडात २००८ पासून बंदी आहे. आम्हाला ठाऊक होतं, तरी सवयीनं सुया, बॉबिन सगळं पिशव्यांत भरलेलं. विमानतळावर बॅगा उघडायला लावल्या आणि पिशव्या काढून घेतल्या. जमिनीवर बसून हजारभर सुया आम्ही रुमालात बांधल्या. कापडी थैल्या न्या.

आणि शनिवार. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खा देश उमुगांडाला, म्हणजे सार्वजनिक कामाला बाहेर पडतो. गटारं साफ करणं, रस्ते, झाडं. अकरापर्यंत वाहनं जवळपास बंद. आम्ही नेमके त्याच सकाळी उतरलो आणि अडीच तास बॅगांवर बसून राहिलो. तिकीट काढताना कॅलेंडर बघा. ७ एप्रिलपासूनचा आठवडा तर टाळाच, तेव्हा स्मरणाचे दिवस असतात आणि तेव्हा शिवणवर्ग भरवणं बरं दिसत नाही. डॉलरच्या जुन्या नोटा तिथे घेत नाहीत, मुंबईत बदलतानाच नव्या मालिकेच्या, मोठ्या नोटा मागा.

शिकवण्याचे नऊ दिवस उत्तम गेले. हवा थंड, जेवण साधं, अडलं काहीच नाही. 'मुराहो' आणि 'मुराकोझे', म्हणजे नमस्कार आणि आभार, एवढ्यावर काम चालतं, बाकी खडू आणि कापड बोलतं. कोण हुतू, कोण तुत्सी, म्हणजे कोण कुठल्या जमातीचं, हे मात्र चुकूनही विचारू नका. बेल्जियन राजवटीत ओळखपत्रावर जमात छापायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून माणसं कापली. आता कार्डावर तो रकाना नाही. आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं आणि खोलीतली सगळी मशीन एकदम थांबली.

न्यामाटाच्या चर्चला शेवटच्या दिवशी जा, पहिल्या दिवशी नको. आसऱ्याला आलेली हजारो माणसं तिथे मारली गेली. त्यांचे कपडे बाकांवर रचून ठेवलेत, मातीच्या रंगाचे झालेले. आत फोटो काढू देत नाहीत. मी बाईमाणूस, कापड बघितलं की शिवण बघते. लहान मुलाचा एक फ्रॉक होता, गळ्याला हातानं घातलेली पायपिंग. तिथून बाहेर आल्यावर दुपारभर कोणाला शिकवता आलं नसतं.

उद्या नायगावला जायचंय. आजींचे पाचशे शिवणवर्गाच्या नावावर केले, ती नवीन पावती माझ्या पर्समध्ये अजून तशीच आहे.