आमची वाटचाल : मोजक्या पानांचा अहवाल

जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेतील कोडमधील सुरक्षेचे धोके आपोआप शोधून देणारी आमची छोटी कंपनी पुण्यात कर्वेनगरला एका भाड्याच्या खोलीत सुरू झाली. कोड न चालवता, केवळ त्याचा सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा झाडासारखा आराखडा) हाती घेऊन दोष शोधण्याचे नियम लिहिता येतात, हे माझ्या तेव्हाच्या भागीदाराने माझ्या गळी उतरवले. आरंभी आम्ही एस्प्रिमा हा पार्सर, म्हणजे कोडचा असा आराखडा बनवणारा प्रोग्राम, वापरत होतो. २०१३ मध्ये निकोलस झाकस यांनी ईएसलिंट हे नियमांनुसार कोड तपासणारे साधन आणल्यावर स्वतःचा अर्धवट सांगाडा बाजूला ठेवून आम्ही त्यावर नियम लिहू लागलो. भागीदार पुढे परदेशी गेला, परंतु टेंट अ‍ॅनालिसिसचे त्याने लिहिलेले मूळ मॉड्यूल (बाहेरून आलेला, विश्वास ठेवता न येणारा डेटा कोडमध्ये कोठवर जातो याचा माग काढणारा भाग) आजही आमच्याकडे चालते, आणि त्यातील एखादे फंक्शन बदलायचे झाले तर आमची मुले आधी मला विचारतात.

आमचे पहिले मोठे ग्राहक म्हणजे सांगली जिल्ह्यातील एक सहकारी बँक. त्यांच्या ऑनलाइन सेवेत जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची फार जुनी आवृत्ती होती आणि मेनूतील टॅब उघडण्यासाठी लोकेशन-हॅशमधला, म्हणजे वेबपत्त्यातील # या चिन्हानंतरचा, मजकूर जसाच्या तसा जेक्वेरीच्या डॉलर फंक्शनला दिला जात होता. त्या हॅशमध्ये एचटीएमएल भरून दुवा पाठवला, तर जेक्वेरी त्याचे एलिमेंट, म्हणजे पानाचा खरा भाग, बनवून टाकी आणि दुवा पाठवणाऱ्याचा कोड त्यातून चालू शके. ही फट जेक्वेरीने १.६.३ मध्ये बुजवली होती, पण बँकेची आवृत्ती त्याच्या आधीची होती. बँकेच्या स्वतःच्या फायलींमध्ये ‘इनरएचटीएमएल’ हा (पानात एचटीएमएल घालणारा, म्हणून धोक्याचा मानला जाणारा) शब्द शोधणाऱ्याला काहीच सापडले नसते, कारण तेथे तो नव्हताच. शिवाय हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे फायरवॉलच्या लॉगमध्येही त्याचा मागमूस लागला नसता. आम्ही या दोषाला अहवालात जेमतेम एक पान दिले : मूल्य कोणत्या सोर्समधून (बाहेरून डेटा येण्याच्या जागेतून) येते, कोणकोणत्या ओळींतून जाते, वाटेत सॅनिटायझर (ते निर्धोक करणारा कोड) कसा नाही आणि ते कोणत्या सिंकला (जेथे ते घातक ठरते त्या जागी) पोहोचते. बँकेच्या आयटी विभागाच्या साहेबांनी ते पान पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे मला कळलं, म्हणजे व्हेंडरलाही कळेल.” ती बँक आजतागायत आमच्याकडे आहे.

त्यानंतरच्या काही वर्षांत कामे येत राहिली आणि पगार वेळेवर होत राहिले. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमचे प्रकरण उघडकीस आले. आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा डाउनलोड होणाऱ्या या एनपीएम पॅकेजमध्ये (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचे सार्वजनिक भांडार) फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे अवलंबन, म्हणजे त्यासोबत आपोआप येणारे दुसरे पॅकेज, घुसवून कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांच्या किल्ल्या चोरण्याचा तो डाव होता. ग्राहकांनी विचारले, तुमच्या यंत्राने हे पकडले असते का? आम्ही खरे ते सांगितले. घातक भाग गिटहबवरील मूळ सोर्समध्ये नव्हता, फक्त प्रकाशित केलेल्या मिनिफाइड (आकाराने लहान, पण वाचायला अवघड केलेल्या) फाइलमध्ये होता. तोही एन्क्रिप्ट केलेला, आणि त्याची किल्ली म्हणजे कोपेच्याच पॅकेजचे वर्णन. इतर कोणाच्याही प्रकल्पात तो उलगडतच नव्हता, तेव्हा असला कोड केवळ वाचून त्याचा हेतू ओळखणे कोणत्याही स्थिर विश्लेषकाच्या, म्हणजे आमच्यासारख्या कोड न चालवता तपासणाऱ्या यंत्राच्या, आवाक्याबाहेरचे होते. याच सुमारास आमच्याहून कितीतरी मोठी एक कंपनी, जिचे नाव मी येथे घेणार नाही, आमच्या ग्राहकांना भेटून सांगत होती की, त्यांच्या स्कॅनरने ही लागण आधीच टिपली होती. कशी टिपली, हे त्यांना कोणीही विचारले नाही.

पुढच्या निविदेत त्यांचा अहवाल कित्येक शे पानांचा होता. मी तो पाहिला आहे. चौकोनी कंसातून अ‍ॅरेचा घटक वाचणारी प्रत्येक ओळ, अगदी साध्या फॉर लूपमधलीसुद्धा, त्यात ‘ऑब्जेक्ट इंजेक्शन’ (बाहेरच्या मजकुराने ऑब्जेक्टच्या भलत्याच भागाला हात घालण्याचा धोका) म्हणून लाल शाईत होती. निविदा समितीने दोन्ही अहवाल रद्दीसारखे वजनावर तोलले आणि आम्ही हरलो. एकामागून एक ग्राहक गेले, आमची दोन चांगली मुले त्याच कंपनीत गेली, आणि राहते घर गहाण ठेवून घेतलेल्या ओव्हरड्राफ्टवर आम्ही पुढचे पगार केले. सांगलीच्या साहेबांनी त्या वर्षी वार्षिक कराराची रक्कम आगाऊ दिली नसती, तर हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती.

जुलै २०१९ मध्ये लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या डिफॉल्ट्सडीप फंक्शनमधील प्रोटोटाइप पोल्यूशनचा (सर्व ऑब्जेक्टना सामायिक असलेला मूळ साचा बाहेरून बिघडवता येण्याचा) दोष जाहीर झाला आणि ४.१७.१२ मध्ये तो दुरुस्त झाला. गेलेल्या ग्राहकांपैकी एकाकडे तो जाडजूड अहवाल होता, पण बाहेरून येणाऱ्या जेसन या स्वरूपातील डेटामधली ‘कन्स्ट्रक्टर’ ही की (नोंदीचे नाव) नेमक्या कोणत्या मार्गाने त्या फंक्शनपर्यंत जाते, हे त्याला त्या ढिगातून काढता येईना. आम्ही तो मार्ग ओळ क्रमांकांसह त्याच संध्याकाळी पाठवला. ते परत आले. मागे झाले त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, आणि आम्हीही काढले नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. स्कॅनर विकत घेताना धोक्यांची संख्या विचारू नका, एका धोक्याचा सोर्सपासून सिंकपर्यंतचा मार्ग दाखवायला सांगा. बिल्ड सर्व्हरवर (जेथे कोडपासून अंतिम प्रणाली तयार होते) एनपीएम इन्स्टॉल या आज्ञेऐवजी एनपीएम सीआय वापरा, म्हणजे लॉकफाइलबाहेरची (पॅकेजांच्या ठरवून दिलेल्या आवृत्त्यांच्या यादीबाहेरची) आवृत्ती गुपचूप आत येणार नाही, आणि शक्य तेथे इन्स्टॉल स्क्रिप्ट (पॅकेज बसवताना आपोआप चालणारा त्याचा कोड) बंद ठेवा. ईएसलिंटचा नियम एखाद्या ओळीपुरता बंद करणाऱ्याने शेजारी कारण लिहिलेच पाहिजे. आमच्याकडे कारणाविना आलेला असा कोड रिव्ह्यूमध्येच परत जातो.

त्या मोठ्या कंपनीच्या अहवालात अलीकडे प्रत्येक दोषापुढे ‘डेटाचा मार्ग’ असा रकाना दिसतो, आणि त्याची मांडणी आमच्या पानाशी बरीच मिळतीजुळती आहे. आमच्याकडून गेलेली ती दोन मुले अजून तेथेच आहेत.